हरताळाचा पिवळा डाग

छत्रपती संभाजीनगर
आषाढी एकादशी

चि. सोनूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळाल्याचा तुझा फोन आला. "एवढी शोधाशोध करून तीनच पुस्तकं? आणि हा कोरा कागद कशाला?" असं विचारलंस. घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

मागे व्हिडिओ कॉलवर तुझ्या लेकानं मला विचारलं होतं, "ज्ञानेश्वरांची पहिली वही कुठल्या म्युझियममध्ये आहे?" खरं उत्तर आहे, कुठेच नाही. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला सांगितली गेली. सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली, असं परंपरा सांगते. ती पोथी आज नाही. आपल्यापर्यंत आल्या त्या नकलांच्या नकला. नक्कल करताना ओळ गळते, शब्द बदलतो, कुणी पदरची ओवी घालतो. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके 1506 मध्ये, पैठणच्या एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यात कुणी स्वतःची भर घालू नये, असं बजावून ठेवलं.

हे मुलाला समजेल असं पुस्तक हवं म्हणून मी औरंगपुऱ्यातली दुकानं पालथी घातली. गुळगुळीत कागदाची, सोनेरी चित्रांची पुष्कळ पुस्तकं होती. त्यात सगळं ठामपणे सांगितलेलं, पण "हे कशावरून?" याचं उत्तर एकाही पानावर नाही. ती मी ठेवून दिली. ज्यात खऱ्या वस्तूचा फोटो आणि चित्रकाराची कल्पना वेगवेगळी दाखवली आहे, तीच घेतली.

पहिलं पुस्तक पोथ्यांचं. बोरू कसा तासायचा, शाई कशी घोटायची, सुटी पानं दोन फळ्यांमध्ये ठेवून बासनात कशी बांधायची, हे त्यात आहे. आपल्या देवघरातली अण्णांची पोथी आठवते ना? तिच्या एका पानावर पिवळा डाग आहे. लहानपणी मला वाटायचं, पूजेची हळद सांडली. अण्णांनी सांगितलं, तो हरताळ. लिहिताना चुकलं की लेखक त्या अक्षरांवर हरताळाचा लेप द्यायचा आणि वाळल्यावर वर नीट लिहायचा. "हरताळ फासणे" आपण रोज म्हणतो, ते इथून आलं. त्या डागाखाली कुणा अनोळखी माणसाची चूक आहे आणि ती सुधारण्याची कळकळही आहे.

दुसरं उत्खननाचं. त्याच नेवाशाला 1954 पासून डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी खोदकाम केलं. तिथं तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत दोऱ्याचे तुकडे शिल्लक होते, रेशमाचे आणि कापसाचे. एरवी दोरा कधीच कुजून जातो, पण तांब्याच्या गंजानं तो राखला. कुणीतरी आपल्या लेकराच्या गळ्यात ती माळ घातली होती, हे मातीनं सांगितलं. हे पान तू तुझ्या लेकाला स्वतः वाचून दाखव.

तिसरं मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांचं. 1947 च्या सुमारास मेंढपाळांना गुहेतल्या रांजणांत त्या सापडल्या. ज्यूंचे पवित्र ग्रंथ त्यांत दोन हजार वर्षं टिकून होते. तुझ्या लेकाच्या वर्गात निरनिराळ्या धर्मांची मुलं आहेत. जुनं लिखाण जिवापाड जपणारी माणसं सगळीकडे असतात, हे त्याला आत्ताच कळू दे.

"हे कशावरून?" असल्या प्रश्नांनी मुलाची श्रद्धा ढळेल, अशी भीती बाळगू नकोस. प्रती ताडून बघणारे एकनाथ महाराज ज्ञानेश्वरांचे केवढे भक्त होते! प्रेम होतं म्हणूनच एकेका शब्दाची त्यांना काळजी.

आता तो कोरा कागद. तो खुलताबादच्या वाटेवरच्या कागजीपुऱ्याचा, हातानं केलेला. त्यावर लेकाला एक ओवी लिहू दे. त्याचं बघून तू लिही, तुझं बघून सूनबाईंनी लिहावं. मग शेवटची प्रत पुस्तकाशी ताडा. एखादी वेलांटी तरी इकडची तिकडे झालेली सापडेल. तिच्यावर त्याला रंगपेटीतला पिवळा रंग लावू दे आणि नंतर मला फोन करायला सांग.

तुझी,
आत्या