झिजलेला कातळ

पुण्यातील पाताळेश्वराच्या लेण्यात मी पुष्कळदा जाऊन बसते. हे मंदिर ज्या काळ्या कातळात कोरले आहे, तो बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. दख्खनचा हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावरून आणलेल्या खडकांतही बेसाल्ट होता. त्याचे वय मात्र साडेतीनशे कोटी वर्षांहून अधिक.

दोहोंतील मुख्य खनिजे बरीचशी सारखीच. मग भेद कशाचा? पाण्याचा आणि हवेचा. चंद्रावरचा दगड जवळजवळ कोरडा. पावसाने तो कधी झिजला नाही. आपल्या दगडाच्या पोकळ्यांत मात्र पाण्यामुळे झिओलाइटचे स्फटिक तयार झाले आणि ऊनपावसाने झिजून त्याचीच काळी, कसदार माती झाली.

संपर्कसत्रात कुणी संकोचून म्हणते, "मॅडम, आमची भाषा अशुद्ध आहे," तेव्हा मला हा कातळ आठवतो. तरुणपणी मीही माझी गावाकडची बोली या शहरात लपवली होती. पुढे अभ्यासातून उमगले, की प्रमाण मराठीही झिजूनच घडली आहे: संस्कृत 'हस्त'चा प्राकृतात 'हत्थ' झाला, मराठीत 'हात'.

ध्वनिपरिवर्तनाचा पुढील घटक वाचण्यापूर्वी आपल्या घरातील असे दहा शब्द वहीत लिहून काढा. त्यांची लाज बाळगू नका. न झिजलेल्या चंद्रावर गवताचे पातेही उगवलेले नाही.