आजोबांची पेटी

आजोबा पहाटे गेले. दुपारी आमच्या ओसरीवर दोन पेट्या होत्या. एक त्यांची, भात्याला दोनदा नवं कातडं लावलेली, जिच्यावर त्यांनी नगरच्या आमच्या देवळात चाळीस वर्षं भजनांना साथ केली. दुसरी नुकतीच टेम्पोतून उतरवलेली. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण आजोबा शेवटपर्यंत नगरच म्हणत, आणि मीही तेच म्हणते.

पुण्याहून माझ्या दोन मैत्रिणी एसटीने आल्या. दोघींनी ख्रिस्ती मयत कधी पाहिली नव्हती. बार्शीची होती तिने दारातच माझा हात धरून हळूच विचारलं, "हार चालतो का गं तुमच्यात?" चालतो म्हटल्यावर तिने पिशवीतून शेवंतीचा हार काढला. विचारायला लागू नये म्हणून तिने तो न आणताच यायचं ठरवलं असतं, तर मला फार वाईट वाटलं असतं.

उपासनेत पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ वाचला आणि मंडळीने टिळकांचं भजन सुरू केलं. तिने चमकून मान वर केली. नंतर म्हणाली, "ही तर आमच्या भजनातली चाल." ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते स्वतःच सांगत. आमच्या गीतपुस्तकात त्यांची शंभराहून अधिक गीतं आहेत. आजोबांना त्यातली बहुतेक तोंडपाठ होती. हे सगळं तिला सांगायला त्या दिवशी वेळ नव्हता.

कबरस्तानात मूठमाती देताना मला हुंदका आवरेना. तेव्हा नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी कानाशी येऊन सांगितलं, "रडू नकोस. ते प्रभूजवळ गेले. तुझ्या मैत्रिणी बघताहेत, आपली साक्ष राहिली पाहिजे." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ते शब्द मी आज्ञेसारखे पाळले. संध्याकाळभर कोरड्या डोळ्यांनी चहा दिला. मैत्रिणींना पुनरुत्थान समजावलं, आमच्यात दहावं का नसतं ते सांगितलं. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. त्या मान डोलवत राहिल्या.

रात्री गच्चीवर दुसरी झोपली. बार्शीच्या मैत्रिणीने विचारलं, "तुला खरंच काही वाटत नाहीये?"

मग मी रडले. बराच वेळ. रडतानाच मला लाजराची गोष्ट आठवली आणि ती मी तिला सांगितली. योहानाच्या शुभवर्तमानात ती अकराव्या अध्यायात आहे. मित्राला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. आता आपण त्याला उठवणार, हे येशूला ठाऊक होतं. तरी त्याच्या बहिणीला आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून तो स्वतः रडला. "आमचा देव असा आहे," मी म्हटलं. "आजोबा मला पुन्हा भेटतील असं मी खरंच मानते. ते वाकडं करंगळीचं बोट, तो हात, सगळ्यासकट. पण आज ते घरात नाहीत."

ती कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि माझे आजोबा?"

तिचे आजोबा माळकरी. बावीस वाऱ्या पायी केलेल्या. दोन वर्षांपूर्वी गेले. संडेस्कूलमध्ये शिकलेली उत्तरं माझ्या जिभेवर आली आणि तिथेच थांबली. मी म्हटलं, "त्यांच्याबद्दल निकाल सांगायचा अधिकार मला नाही. ज्याच्यावर माझा भरवसा आहे तो न्यायी आहे, दयाळू आहे, आणि तुझ्या आजोबांना माझ्यापेक्षा नीट ओळखतो. येशूवाचून दुसरा आधार मला माहीत नाही, तेही तुझ्यापासून लपवत नाही."

तिला हे पुरलं की नाही, मला सांगता येत नाही. ती तिच्या आजोबांविषयी बोलू लागली. वारीहून आल्यावर त्यांच्या पायांना ती तेल लावायची, ते तिला बत्तासे द्यायचे. शेवटच्या वर्षी चालवेना तेव्हा ते उंबऱ्यावर बसून टाळ वाजवायचे. मी ऐकत राहिले. विश्वास सांगायचा म्हणजे आपणच बोलायचं, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. त्या रात्री मी सगळ्यात कमी बोलले, आणि तिने मला सगळ्यात जास्त विचारलं.

सकाळी निघण्याआधी तिने आजोबांच्या पेटीवरचं फडकं उचललं. "ते कालचं म्हण ना." मला पेटी जेमतेम येते. मी काळी चारमध्ये सुरुवात केली, एकेक ओळ म्हणायचे आणि ती टाळी धरून मागून म्हणायची, तिच्या आजोबांच्या दिंडीत म्हणतात तशी. दुसऱ्या कडव्यावर माझा आवाज चिरकला.

स्वयंपाकघरातून आजी म्हणाली, "पट्टी उतरव गं. ते काळी दोनमध्ये घ्यायचे."

मी काळी दोनवर बोट ठेवलं आणि धृपदापासून पुन्हा सुरू केलं.