घट्ट शीरखुर्मा

केजला आमच्या आणि चाचांच्या घरामध्ये एक भिंत आहे. छातीइतकी उंच. म्हणजे माझ्या छातीइतकी. चाचांना टाचा उंचवाव्या लागतात. 25 मार्च 2020 ला टाळेबंदी सुरू झाली, नेमका त्याच दिवशी पाडवा. सौ.ने पुरणपोळ्या नेहमीप्रमाणे भिंतीवरून दिल्या.

तेवढ्यात दिल्लीच्या निजामुद्दीनची बातमी आली. पुढे 21 ऑगस्टला औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, पण कानगोष्टींना खंडपीठ कुठलं? गल्लीत लोक भाजीवाल्याला आधी नाव विचारू लागले, मग भाव. मी नाव विचारलं नाही. नुसती भाजी घेणं थांबवलं.

25 एप्रिलला रमजान लागला. मशिदीतून अजान यायची, माणसं मात्र घरात. चाचांची तरावीह ओसरीवर, मागं तीन नातू. धाकटा सज्द्यात गेला की तिथंच झोपायचा. कुवेतमध्ये म्हणे अजानमध्येच ‘घरी नमाज पढा’ असं पुकारत होते. मी चाचांना विचारलं, “जड जात असेल, नाही?” तर म्हणाले, “साथ हो उस गाव में जाना नहीं, अपने गाव से निकलना नहीं, ये हमको चौदा सौ साल से मालूम है गुरुजी. कलेक्टर ने अब बताया!”

ईद 25 मे ला. नवे कपडे कुणालाच नाहीत. त्या पैशाचं धान्य वाटलं. ईदगाह रिकामं. दरवर्षी चाचा भिंतीला वळसा घालून येत आणि तीनदा गळाभेट घेत. माझ्या बरगड्यांना ईद आठवडाभर पुरायची. यंदा त्यांनी लांबूनच छातीवर हात ठेवला आणि शीरखुर्म्याची वाटी भिंतीवर ठेवली.

आता खरं सांगायचं तर, तो शीरखुर्मा मी सौ.च्या नकळत तीनदा उकळला. चारोळी बुडाला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचांनी विचारलं, “कैसा था?”

“फक्कड! जरासा घट्ट.”

“घट्ट? घर में तो पतला बनाया था जी.”

मी भिंतीचा गिलावा बघू लागलो. चाचाही तोच बघत होते. मग हळूच म्हणाले, “पाडव्याच्या पोळ्या आम्हीबी दोनदा तव्यावर टाकल्या, गुरुजी. करपल्या.”

दोघंही इतके हसलो की सौ. बाहेर आली. रिकामी वाटी परत द्यायची नसते, म्हणून तिनं साखर घालून आणली होती. चाचांनी टाचा उंचावल्या, मास्क खाली ओढला आणि चिमूटभर तिथंच तोंडात टाकली.