सात खिडक्या आणि एक दार

कोकणातल्या घराचे वर्णन करायचे म्हणजे लेखकमंडळी प्रथम अंगणातल्या तुळशीपाशी जातात, तिथून ओटीवर चढतात, झोपाळ्यावर दोन झोके घेतात आणि मग समुद्राकडे तोंड करून बसतात. मीही आजवर तेच करीत आलो होतो. आमच्या आजोळच्या घराला खिडक्या किती, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. त्या सात आहेत. हे ज्ञान मला २०२० सालच्या जून महिन्यात झाले, आणि ते ज्या रीतीने झाले तिचीच ही हकीकत आहे.

आजोळ दिवेआगरचे. रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनच्या उत्तरेला, समुद्राला पाठ टेकून बसलेले हे गाव. मुंबईहून निघावे, पेण, कोलाड, माणगाव करीत म्हसळ्याला यावे आणि बोर्लीपंचतन ओलांडले की नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या सावलीत रस्ता हरवून जातो. गाव जुने, इतके, की इथे सापडलेला शके ९८२ चा ताम्रपट मराठीच्या आरंभीच्या लेखांत गणला जातो. १९९७ साली एका वाडीत जमिनीखालून तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती निघाला आणि २०१२ साली तो चोरीला गेला, तेही याच गावात. पण आमच्या लहानपणी यातले काही आम्हांला ठाऊक नव्हते. आमचे दिवेआगर म्हणजे मामींच्या हातचे घावन, वाडीतल्या पाटाचे गार पाणी आणि किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातून येणारा वाऱ्याचा आवाज.

त्या वाऱ्याने ३ जून २०२० रोजी आपले दुसरे रूप दाखविले. ‘निसर्ग’ असे गोड नाव मिळालेले चक्रीवादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास अलिबागच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर चढले. वारा ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाचा. विजेचे खांब आडवे झाले, फोन मुके झाले, रस्त्यांवर झाडे पडली. आम्ही मुंबईत दूरदर्शनसंचापुढे बसून नकाशावरचे गोल फिरणारे चक्र पाहत होतो, आणि आजोळच्या घरात पंचाहत्तरी गाठलेल्या मामी एकट्या होत्या. मामा जाऊन सहा वर्षे झालेली. मामेभाऊ आखातात नोकरीला, आणि साथीमुळे विमाने बंद. पाचव्या दिवशी कुणीतरी बोर्लीच्या बाजूच्या टेकाडावर चढून फोन लावला, “मामी सुखरूप आहेत. घर उघडं पडलंय.” एवढे बोलून आवाज तुटला.

मामेभावाचा आखातातून फोन आला. “दादा, तू जा. आईला घेऊन मुंबईला ये. घराला खिळे ठोकून, कुलूप घालून टाक. पुढे बघू. कोण राहणार आहे तिथे? विकूनच टाकू.”

त्याचे चुकले असे मला तेव्हा वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. परवाना काढला, गाडीत ताडपत्री, मेणबत्त्या, औषधे भरली आणि नाक्यावरच्या दुकानातून दोन किलो खिळे घेतले. खिळे घेताना मला उगाचच कर्तृत्ववान झाल्यासारखे वाटत होते.

म्हसळा सोडले आणि माझे बोलणे बंद झाले. डोंगरावरच्या झाडांची पाने कुणी ओरबाडून घ्यावीत तशी गेलेली. वाड्यांतल्या पोफळी एकमेकींवर पडल्या होत्या. काही मधोमध मोडून उभ्या होत्या. पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात, नारळालाही तेवढीच किंवा थोडी अधिक. म्हणजे एका दुपारी किती घरांची किती वर्षे आडवी झाली, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आणि त्या गावात सगळीकडे उजेड होता. हे मला फार चमत्कारिक वाटले. जिथे भर दुपारी सावलीत चाचपडत चालावे लागे तिथे आभाळ थेट रस्त्यावर उतरले होते.

मामी ओटीच्या पायरीवर उभ्या होत्या. मी वाकणार तोच त्यांनी हात उंच करून थांबविले. “लांबूनच नमस्कार कर बाबा. मुंबईहून आलास. चौदा दिवस तू ओटीवर, मी माजघरात. गावाचा नियम आहे.” वादळाने घर फोडले तरी मामींची शिस्त शाबूत होती.

मग घर पाहिले. कौलांना जागोजाग भोके. पश्चिमेच्या खोलीचे निम्मे छप्परच नाहीसे. समुद्राच्या अंगाच्या चार खिडक्यांची झडपे निखळून अंगणात पडलेली, उरलेल्या तिन्हींची एकेक फळी गेलेली. आणि मागचे दार चौकटीतून उचकटून गोठ्यापर्यंत गेलेले.

“आधी पुढच्या अंगानं वारा आला,” मामी सांगत होत्या. “मग जरा थांबल्यासारखा झाला आणि मागच्या अंगानं आला. मागचं दार गेलं आणि त्यानंतर छप्पर गेलं. मी देवघरात पाटाखाली डोकं घालून बसले होते. कौलं वर उडत होती रे, खाली पडत नव्हती!”

हे कोडे मला दुसऱ्या दिवशी सुतारकाकांनी उलगडून दिले. गावातले हे साठीचे सुतार. वादळानंतर त्यांनी पाच दिवस स्वतःच्या घराकडे पाहिलेच नव्हते म्हणतात. ते म्हणाले, “भाऊ, छप्पर वरच्या वाऱ्यानं एकट्यानं जात नाय. दार फुटलं की वारा आत शिरतो. त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग तो खालून कौलं उचलतो, आणि वरचा वारा ती ओढून नेतो. म्हणून आधी दारं-खिडक्या, मग छप्पर.” मामींच्या घराचे दार आणि छप्पर त्याच क्रमाने का गेले, ते तेव्हा उमगले.

मी मोठ्या ऐटीत खिळ्यांची पुडी पुढे केली. काकांनी ती हातात घेतली नाही. नियमाप्रमाणे लांबूनच पाहिली आणि हसले. “हे चिऱ्यात धरनार नाय, भुगा होऊन बाहेर येतील. आन् चौकट आहे सागाची, शंभर वर्षांची. तिच्यात मी ठोकू देनार नाय.”

“मग खिडक्या बंद कशा करायच्या?”

“खिडकीला गज कशाला दिलेत देवानं?”

त्यांची पद्धत अशी होती. प्रथम चौकटीतले फुटके तुकडे आणि सैल झालेल्या ढलप्या काढून टाकायच्या. मग बाहेरून आडव्या फळ्या लावायच्या, चौकटीच्या दोन्ही बाजूंना चार चार बोटे जास्त. सुरुवात खालून, वरची फळी खालचीवर थोडी चढलेली, कौलासारखी, म्हणजे पाणी आत न येता घसरून जाते. आतल्या बाजूने गजांवर एक आडवी पट्टी. फळीला दोन भोके, त्यांतून तार, ती गजांना आणि पट्टीला वळसा घालून पकडीने पिळायची. बाहेर फळी, आत पट्टी, मध्ये गज. वारा बाहेरून रेटो की आतून, ती हलत नाही. चौकटीला एक ओरखडा नाही. आणि सर्वांत वर, वळचणीखाली, दोन बोटे फट मुद्दाम ठेवायची.

“ती फट कशाला? पाऊस येईल ना!”

“वळचणीखाली पाऊस पोचत नाय. पन हवा पोचते. सगळं गच्च बंद केलं तर चार महिन्यांत आतल्या आत घर कुजेल. बंद करायचं ते वादळाला, घराला नाय.”

पण फळ्या आणायच्या कुठून? पत्रे आणि ताडपत्र्या यांना तेव्हा सोन्याचे मोल आले होते, आणि पावसाळा दारात उभा. काकांनी वाडीकडे बोट दाखविले. पडलेली पोफळ उभी चिरली की आतला गाभा भुसभुशीत निघतो. तो खरवडून टाकला की वरची साल लोखंडासारखी चिवट. तिच्या रिपा झाल्या. गोठ्याच्या माळ्याच्या फळ्या निघाल्या, मामांच्या पलंगाच्या निघाल्या. पडलेल्या नारळांच्या झावळ्यांचे झाप शेजारच्या आजींनी विणून दिले. ते फळ्यांवरून बांधले. वाड्यात जे पडले त्यानेच वाडा झाकला.

आमचे काम पाहणाऱ्याला हसू आले असते. मी फळी आणून अंगणात ठेवायची, सहा पावले मागे सरायचे, मग काकांनी पुढे येऊन उचलायची. तार हवी असली की ते ओरडत, मी फेकत असे. दुपारी पावसाची सर आली की दोघेही दोन वेगवेगळ्या वळचणींखाली उभे. सात खिडक्यांना तीन दिवस लागले. दाराला एक दिवस. गोठ्यापाशी पडलेले दार उचलून आणले, त्याच्या वरखालच्या खुंट्या नव्या केल्या आणि ते चौकटीच्या खोबणीत पुन्हा बसविले. आतून आडसर. काकांचा आग्रह असा, की एक तरी दार आतून माणसाला हाताने उघडता आले पाहिजे. घराचा पिंजरा करायचा नाही.

संध्याकाळी पाय मोकळे करायला मी निर्मनुष्य बाजूच्या आळीतून एकटाच जात असे. त्या आळीत ओळीने बंद घरे. मालक मुंबईला, पुण्याला, कुणी परदेशी. वादळात त्यांचीही दारे-खिडक्या गेली होती. पण एकही उघडे दिसेना. सगळीकडे फळ्या, रिपा, झाप. काकांनी आणि गावच्या पाच-सात पोरांनी कुणी न सांगता ती घरे झाकली होती. प्रत्येक दारावर खडूने लिहिले होते: ‘४ फळ्या, ३ वाव तार’, ‘२ झाप’. मजुरीचा आकडा कुठेच नव्हता.

“मालकांना विचारलंत?” मी काकांना म्हटले.

“फोन कुठं लागतात? आन् एक पाऊस आत गेला की वासे फुगतात, भिंतीची माती सुटते. मालक विचारतील तेव्हा विचारतील. आमाला रोज तिथून जावं लागतं. उघडं घर बघवत नाय.”

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मी खिळे घेऊन आलो होतो ते घर मिटवायला; आणि इथे परक्या माणसांनी परक्यांची घरे जगावीत म्हणून स्वतःच्या छपराची दुरुस्ती पुढे ढकलली होती.

चौदा दिवस संपले. मी मामींपाशी विषय काढला. “मामी, तुम्ही माझ्याबरोबर मुंबईला चला. तो तिकडे काळजी करतो.”

मामी तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मुंबईत सध्या काय चाललंय ते मी रेडिओवर ऐकते. तिथे मला कुठल्या खोलीत कोंडशील?” मग थोड्या वेळाने, “हे बघ, घर विकायचं तर विका. माझ्यामागे विका. पण मी असताना ते मेलेलं दाखवून विकू नका. त्याच्या बापानं एकेक वासा निवडून आणलाय.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. पश्चिमेच्या खोलीवर ताडपत्री ताणून बांधली, शेजारच्या मुलीने रात्री सोबतीला यायचे ठरले आणि मी एकटाच परतलो. मामेभावाला सारे लिहून कळविले. तो रागावला. महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

त्या वर्षी दसऱ्याला काकांनी फळ्या उतरविल्या. उतरविताना प्रत्येकीवर गेरूने आकडा घातला: पहिली खिडकी, खालून पहिली फळी, दुसरी, तिसरी. सगळ्या जुडग्या बांधून माळ्यावर ठेवल्या. मामींना वाटले, काका वेड लागल्यासारखे करतात. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ कोकणच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातून उत्तरेकडे गेले. या वेळी इशारा आधी मिळाला होता. काका आणि दोन पोरे सकाळी आली, आकडे पाहून पाहून फळ्या चढवल्या आणि दुपारच्या आत सातही खिडक्या बंद झाल्या. आदल्या वर्षी तीन दिवस लागले होते. रात्रभर वारा घोंघावला. सकाळी मोजली तर आमची अकरा कौले गेलेली. दार जाग्यावर होते.

मामेभाऊ त्यानंतरच्या हिवाळ्यात आला. २०२१ सालीच गावात सुवर्णगणेशाची पुन्हा प्रतिष्ठापना झाली होती. गाव सावरत होते, वाड्यांतून पोफळीची नवी रोपे हातभर वाढली होती. तो घराभोवती एकटाच हिंडून आला आणि म्हणाला, “दादा, आपल्या घराला सात खिडक्या आहेत, मला माहीतच नव्हतं!” मी काही बोललो नाही. त्याने पश्चिमेच्या खोलीचे छप्पर नवे करून घेतले. विकण्याची गोष्ट त्यानंतर निघालेली नाही. कधीच निघणार नाही असे मी म्हणत नाही. आम्ही दोघेही आता म्हातारपणाकडे झुकलो आहोत आणि आमच्या मुलांना दिवेआगर म्हणजे दोन दिवसांची सहल. पण पुढल्या खेपेला मुलांना घेऊन गेलो की प्रथम खिडक्या मोजायला लावायच्या, असे आमचे ठरले आहे.

दरवर्षी मृग लागायच्या आधी मामींचा फोन येतो. यंदाही आला. “सातही चढवल्या हो. वरची फट ठेवलीय. काकांचे गुडघे दुखतात, आता त्यांचा मुलगा चढतो.” आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, “आणि अरे, ती तुझी खिळ्यांची पुडी माळ्यावर सापडली. तशीच्या तशी आहे. सगळे गंजून एक गोळा झालाय. टाकून देऊ का?”

मी म्हटले, “नको मामी, राहू द्या. मी आलो की बघीन.”