पाणी उडून जातं, डाग राहतो

दोस्तांनो, एक कोडं घालतो. गाडी स्वच्छ पाण्यानं धुतली. उन्हात उभी केली. दहा मिनिटांत ती खडखडीत वाळली. मग तिच्या बॉनेटवर कुणी रांगोळीचा हात झटकावा तसे पांढरे ठिपके कुठून आले? पाण्याला तर रंग नव्हता, आणि पाणी तर उडून गेलं!

लातूर-नांदेडकडच्या मुलांना हे ठिपके चांगले ओळखीचे असतील. बोअरच्या पाण्यानं घासलेला तांब्या न पुसता पालथा घाला, त्यावरही तेच. बाथरूमच्या नळावर तेच, बादलीच्या काठावरही तेच. पण गाडीवर ते उठून दिसतात, आणि गाडी काळी असेल तर विचारूच नका.

माझ्या मामांची जीप काळी-पिवळीच होती. लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला प्रवासी घेऊन जायची. सुट्टीत मी लातूरला गेलो की गाडी धुण्याचं काम माझ्याकडे. पुसण्याचं काम मात्र मामा कुणाला देत नसत. म्हणायचे, "धुणं कुणालाबी येतंय रे. पुसायला शिकावं लागतंय. पाणी वाळू द्यायचं नाही, पुसून घ्यायचं!" वाळणं आणि पुसणं यात एवढा काय फरक, असं मला तेव्हा वाटायचं. दोन्हींनी गाडी कोरडीच होते ना?

फरक आहे, आणि सगळी गंमत त्यातच आहे. पाणी वाळतं तेव्हा फक्त पाणी जातं, पाण्यात विरघळलेलं जे काही असतं ते मागे राहतं. पाणी पुसतो तेव्हा दोन्ही फडक्यात जातात.

आता पाण्यात असतं तरी काय? मराठवाड्याच्या पोटात काळा पाषाण आहे, म्हणजे बेसाल्ट. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं आणि थोडंसं आम्ल बनतं. असं पाणी खडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षं मुरत राहिलं की खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात उतरतं. हेच आपलं 'जड' पाणी. पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, कारण त्यात साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा चांगला मानलाय, आणि दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. समजा, तुमच्या बोअरचं पाणी ५०० चं आहे आणि धुतल्यावर गाडीच्या अंगावर अर्धा लिटर पाणी राहिलं. ते तसंच वाळलं तर पाव ग्रॅम पांढरी भुकटी गाडीला चिकटली म्हणून समजा. पाव ग्रॅम म्हणजे फार नाही, पण हजार थेंबांत वाटली गेली की हजार ठिपके!

आणि हे ठिपके बारकाईनं पाहा. पुष्कळदा त्यांच्या मधला भाग फिका आणि कडेची रेघ ठळक असते, छोट्याशा बांगडीसारखी. असं का? थेंबाची कड पातळ असते, तिथलं पाणी लवकर उडतं. ती जागा भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि येताना आपलं सामानही घेऊन येतं. शेवटी सगळा ऐवज कडेला जमतो. सांडलेल्या कॉफीच्या डागाला कडा का येते, याचा शोध घेताना शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हे कोडं उलगडलं आणि १९९७ साली 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकात मांडलं. म्हणजे आपल्या बॉनेटवरची बांगडी आणि त्यांच्या टेबलावरचा कॉफीचा डाग, दोघं नात्यातलेच की!

विश्वास बसत नसेल तर घरीच करून बघा. दोन स्टीलच्या ताटल्या घ्या. एकीवर बोअरच्या पाण्याचे चार थेंब टाका, दुसरीवर पावसाच्या पाण्याचे. पावसाळा नसेल तर एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी घ्या. दोन्ही उन्हात ठेवा आणि वाळल्यावर शेजारी-शेजारी धरून बघा. एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी. ते खडकाला भेटलेलंच नाही, मग क्षार आणणार कुठून?

आता पुसायचं कशानं? सगळ्यात जुनं आणि स्वस्त साधन म्हणजे सुती कापड. पण कोरं नको हं! कोऱ्या कापडात खळ असते, ते पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलतं. मामांकडे आजोबांच्या धोतराचा तुकडा होता. शंभर धुण्यांनी तो लोण्यासारखा मऊ झाला होता. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं 'नांदेड-४४' हे वाण तुमच्या आजोबांनी नक्की ऐकलं असेल. कापूस आपल्या घरचाच. पण शेतातून आणलेला कापूस पाण्यात टाकून बघा, तो तरंगत राहतो! त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं. ते काढून टाकलेला दवाखान्यातला कापूस मात्र लगेच पाणी पिऊन खाली बसतो. धुऊन धुऊन जुनं झालेलं धोतर गाडी पुसायला चांगलं का, याचं उत्तर यात थोडंफार सापडेल.

दुसरं साधन शॅमॉय. आल्प्स पर्वतात शॅमॉय नावाचा बकरीसारखा प्राणी असतो, त्याच्या कातड्यावरून हे नाव आलं. आता ते बहुतेक मेंढीच्या कातड्याचं करतात आणि माशाच्या तेलानं कमावतात. याची तऱ्हा उलटी. कोरडं असलं की पत्र्यासारखं कडक, पाण्यात भिजवून घट्ट पिळलं की मग कुठं पाणी ओढायला तयार!

तिसरं मायक्रोफायबर. हे पॉलिस्टर आणि नायलॉनसारख्या धाग्यांचं कापड. धागा इतका बारीक की नऊ किलोमीटर लांब तंतूचं वजन एक ग्रॅमही भरत नाही. अशा असंख्य तंतूंच्या मधल्या फटींत पाणी आपोआप चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. हे फडकं धुताना कपडे मऊ करणारं औषध घालू नका, फटी बुजतात. वॉशिंग सेंटरवर हवेचा फवाराही मारतात. आरशाच्या मागचं, दाराच्या मुठीतलं, नंबरप्लेटच्या खालचं पाणी काढायला तो छान. काचेवर रबरी पट्टी चालते, पण रंगावर जपून. पट्टीखाली वाळूचा एक कण अडकला तरी लांबच लांब ओरखडा!

साधन कुठलंही असो, रीत महत्त्वाची. गाडी सावलीत धुवा, सकाळी लवकर. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर फडकं पोचायच्या आधी थेंब वाळतात. शेवटचं पाणी फवाऱ्यानं न मारता तांब्यानं टपावरून हळूच सोडा. पाणी पाण्याला ओढतं, सलग पडदा होऊन खाली उतरतं आणि थेंब कमी राहतात. हे शेवटचे दोन तांबे साठवलेल्या पावसाच्या किंवा एसीच्या पाण्याचे असतील तर उत्तमच. मग वरून खाली पुसत या. आधी टप, मग काचा, बॉनेट, दारं आणि सगळ्यात शेवटी खालचा चिखलाचा भाग. हात सरळ रेषेत फिरवा, दाबून घासू नका. दोन फडकी ठेवा, एक पाणी उचलायला, दुसरं राहिलेली ओल टिपायला. आणि फडकं जमिनीवर पडलं तर ते बाद. आधी धुवायचं, मगच पुन्हा गाडीला लावायचं. गाडी बाहेर काढताना मोठ्या माणसांना आठवण करा की पहिल्यांदा हळू चालवून ब्रेक दोन-तीनदा हलकेच दाबा. ओले ब्रेक नीट लागत नाहीत.

तुम्ही म्हणाल, ठिपके राहिले तर राहिले, पुन्हा धुऊ! इथंच तर खरी गोष्ट आहे. २०१६ साली लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली. शेवटी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी लातूरला आली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. आता एक हिशेब करा. नळीतून मिनिटाला दहा लिटर पाणी येतं असं धरलं आणि गाडी पंधरा मिनिटं धुतली, तर दीडशे लिटर गेले. म्हणजे रेल्वेनं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास ओढून आणलेलं सगळं पाणी ३,३३३ गाड्या एकदा धुण्यात संपलं असतं! तेच काम दोन बादल्या आणि चांगल्या फडक्यानं तीस-पस्तीस लिटरांत होतं. ज्याला पुसता येतं, त्याला दुसऱ्यांदा धुवावं लागत नाही. आणि पुसणारा हात सहसा आपला नसतो. पहाटे कॉलनीत गाड्या पुसत फिरणारी मुलं, ट्रकवरचे क्लीनर, ड्रायव्हरकाका... त्यांच्या कामाला आपण 'नुसतं पुसणं' म्हणतो. त्या 'नुसत्या' पुसण्यात किती शास्त्र आहे, ते आता तुम्हाला कळलं.

तुमच्या घरी मोटार नसली म्हणून काय झालं? सायकल आहे, बाबांची मोटारसायकल आहे, शेतात ट्रॅक्टर असेल. येत्या खंडेनवमीला गाडीला झेंडूची माळ घालण्याआधी एक बादली पाणी आणि घरातलं सगळ्यात जुनं, मऊ सुती फडकं शोधून ठेवा. धुण्याचं काम धाकट्या भावंडाला द्या. पुसायला मात्र तुम्ही बसा, आणि एकही थेंब स्वतःहून वाळू देऊ नका!