प्रकाशाची परतवाट

आरशांत मला तुमचे डोळे दिसत असतील, तर तुम्हांलाही माझे डोळे दिसतच असतात. चोरून पाहणाराची ही पंचाईत फार जुनी आहे. पण तिच्यामागें निसर्गाचा एक मोठा न्याय उभा आहे. ज्या वाटेनें प्रकाश जातो, त्याच वाटेनें त्याला परत येतां येतें. हॉलंडच्या लोरेंट्झनें 1896 मध्यें या न्यायाला गणिताची भक्कम बैठक दिली. इतरांच्या बाबतींत निसर्ग एवढा काटेकोर नाहीं. सायकलच्या ट्यूबमध्यें भरलेली हवा व्हॉल्व्ह बाहेर येऊं देत नाहीं. पावसाळ्यांत ओढ्याला लावलेल्या बांबूच्या टोपलींत मासा सहज शिरतो, पण आंत वळविलेल्या कामट्या त्याला परतूं देत नाहींत. प्रकाशाला मात्र असें दार सहजासहजीं घालतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, जुन्या घरांतल्या चिकाच्या पडद्याचें काय? आंतल्या बायकांना रस्ता दिसे, आणि रस्त्यावरच्यांना आंतलें कांहीं दिसत नसे. खरें, पण तें दिवसा. संध्याकाळीं आंत दिवा लागला कीं तोच पडदा घरांतलें सारें गुपित रस्त्याला सांगून टाकी. पडदा एकमार्गी नव्हताच. बाहेर उजेड अधिक आणि आंत कमी, एवढेंच त्याचें भांडवल.

या विषयाकडे मला ओढलें तें माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनें. चंदगड तालुक्यांतल्या, काजूच्या बागेवर पोसलेल्या घरांतली ही मुलगी माझ्या वर्गांत पदार्थविज्ञान शिकली, आणि आतां परदेशीं सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाचीं उपकरणें आंखीत असते. गणपतीला ती घरीं आली होती. तिच्या वडिलांनीं मला विचारलें, "सर, आमची पोरगी तिकडं करते तरी काय?"

मी म्हणालों, "उजेडाला माघारी फिरूं न देणारें दार."

म्हातारा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "तसलं दार आमच्या गावाला कवाच बसलंय. गेलेली पोरं माघारी येत्यात कुठं?"

मुलगी आंतून चहा घेऊन येत होती. तिनें तें ऐकलें, पण ती कांहीं बोलली नाहीं.

असें दार हवें तरी कशाला? लेसराचा प्रकाश मोठा शिस्तीचा. परंतु त्याच प्रकाशाचा अल्पसा अंश पुढच्या एखाद्या पृष्ठावर आपटून उलटला आणि लेसराच्या पोटांत शिरला, कीं त्याचा रंग व जोर दोन्ही डळमळूं लागतात. म्हणून लांब पल्ल्याच्या दूरध्वनि-तंतूंवर लेसरापुढें एक द्वारपाल उभा करितात. त्याचें मर्म फॅरडेला 1845 मध्यें सांपडलें. चुंबकाच्या प्रभावाखालीं ठेवलेल्या कांचेंतून जातांना प्रकाशाच्या कंपनाचें प्रतल वळतें. साखरेच्या द्रावणांतही तें वळतें, आणि साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत त्यावरूनच उसाच्या रसांतली साखर अजमावितात. पण साखरेंतून प्रकाश माघारा फिरला, कीं तिनें दिलेला पीळ तसाच उलगडत जातो. चुंबकाचा पीळ उलगडत नाहीं. जातांना 45 अंश, येतांना त्याच अंगाला आणखी 45. बेरीज 90 होते, आणि प्रवेशद्वारावरचा ध्रुवक त्या प्रकाशाला बाहेरच अडवितो. ही युक्ति लॉर्ड रॅलेनें 1885 मध्येंच सुचवून ठेविली होती.

बोटभर नळींत हा सारा संसार सुखानें मावतो. केंसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या सिलिकॉनच्या वाटेवर तो कसा मांडावा, हा आजचा प्रश्न आहे. या कामीं उत्तम असा गार्नेट स्फटिक सिलिकॉनवर नीट वाढत नाहीं. दोघांच्या अणूंची मांडणी जुळत नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील कस्तुरे, वेंगुर्लेकर व वेणु गोपाल यांनीं जर्मन व रशियन शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें 2011 मध्यें गार्नेटवर बारीक चिरा पाडलेला सोन्याचा थर देऊन, चुंबकाचा प्रकाशावरील परिणाम पुष्कळ पटींनीं वाढवून दाखविला. बेळगांवहून वेंगुर्ल्याला जाणारा रस्ता आमच्याच तालुक्यांतून जातो. म्हणून त्यांतल्या एका नांवाचा मला उगाच अभिमान वाटला! स्टॅनफर्डच्या यू व फॅन यांनीं 2009 मध्यें चुंबकाला रजाच दिली, आणि प्रकाशाच्या वाटेवरच एका दिशेनें सरकणाऱ्या लाटा उठवाव्या असें सुचविलें.

या गडबडींत पुष्कळांनीं पडद्यालाच दार म्हटलें. तेव्हां 2013 मध्यें अनेक शास्त्रज्ञांनीं मिळून बजावलें, कीं आकार कितीही विषम घडविला, तरी साध्या, स्थिर व चुंबकरहित रचनेला हें काम साधणार नाहीं. चिकाचा दृष्टान्त ऐकून माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आम्ही कांहींही आंखलं, कीं पहिली परीक्षा हीच. आंत दिवा लावून बघायचं."

लेसराची ही व्यथा शिक्षकाला तरी चटकन् कळावी. उत्तरपत्रिकांतून ज्याला वर्षानुवर्षें आपलींच वाक्यें परत मिळतात, त्या मास्तराचा स्वर हळूहळू बिघडत जातो; आणि गंमत अशी, कीं त्या बिघाडालाच तो कीर्ति समजतो. खरा विद्यार्थी शब्द परत करीत नाहीं, उत्तर देतो. आणि उत्तर नेहमीं दुसऱ्या दिव्याचें असतें. परदेशांतून ही मुलगी माझ्याशीं बोलते, तेव्हां तिचा आवाज माझ्या प्रकाशावर बसून येत नाहीं. तिकडे तिचा लेसर निराळा आणि त्याची वाटही निराळी. दोन एकमार्गी वाटा मिळून एक संभाषण होतें.

हा विचार मला मोठा समाधानाचा वाटला, आणि मीं तो त्या म्हाताऱ्यालाही सांगून पाहिला. त्यानें शांतपणें ऐकून घेतला. पण काजूची बाग राखायला संभाषण पुरत नाहीं, माणूस लागतें. आणि या हिशेबावर फॅरडेपाशीं तोड नाहीं, माझ्यापाशींही नाहीं. मुलीचें परतीचें तिकीट आलें आहे. म्हातारा मात्र त्याला परतीचें म्हणूं देत नाहीं. परत म्हणजे इकडे, असें त्याचें म्हणणें.