डबीतली लायब्ररी

मंडळी, मला नव्या आवृत्त्यांच्या बातम्या वाचायची खोड आहे. मोबाईलच्या नाही हो, यूसीलिबसीच्या! छोट्या डबीत लिनक्स चालतं तेव्हा फाईल उघडणं, मेमरी मागणं, पत्ता शोधणं अशी कामं प्रोग्रामना ही सी लायब्ररी करून देते. नेहमीची ग्लिबसी तिथे फार जड, म्हणून एरिक अँडरसन यांची ही बारकी. २०१२ च्या मे महिन्यात ०.९.३३.२ आली, नि मग सगळं थंड. पुढे वाल्डेमार ब्रोडकोर्ब यांनी यूसीलिबसी-एनजी नावाने ती चालू ठेवली. (ओपनडब्ल्यूआरटीवाले २०१५ मध्ये मसलकडे गेले. शहाणपणाच केला, असं माझं मत.)

पारनेरला काकांच्या कांदाचाळीवर कॅमेरा आहे. केबल लावून आत डोकावलो, तर तीच ०.९.३३.२! २०२२ मध्ये तिच्यातलं एक भोक जाहीर झालं. पत्ता विचारताना लावायचा क्रमांक आधीच ओळखता येतो, म्हणजे कुणी खोटं उत्तर देऊन कॅमेऱ्याला भलत्याच सर्व्हरकडे नेऊ शकतो. एनजीने १.०.४१ मध्ये ते बुजवलं. पण कॅमेरेवाल्या कंपनीने अपडेट दिलंच नाही.

काका म्हणाले, "अरे, चालतोय की!"

शेवटी मी त्याचं इंटरनेट काढलं. चाळ आता फक्त घरच्या टीव्हीवर दिसते. पुण्याची ताई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताई, वाचत असशील तर फोन कर.